आजोबांची नळी आणि बाबांचं एक वाक्य

"माझे आजोबा बोटीवर होते. खलाशी म्हणून लागले, सारंग (डेकवरच्या खलाशांचा म्होरक्या) होऊन निवृत्त झाले. गेल्या वर्षी ते गेले. वर्षश्राद्धाला छोटी पुस्तिका काढायचं ठरलंय आणि लिहायचं काम माझ्याकडे आलंय. मला शाळेत पोचवणारे, दोरीच्या गाठी शिकवणारे आजोबा आठवतात. बाबांना (जन्म १९६५) विचारलं तर म्हणाले, 'तुला आजोबा मिळाले. मला मनीऑर्डर मिळाली.' आत्या म्हणते, असलं काही छापायचं नाही. काय करू?"
– एक नात, रत्नागिरी

बाळा, आत्याचं लगेच ऐकू नकोस. ते वाक्य बाबांचं आहे. छापायचं की नाही, तेही बाबाच ठरवू देत.

आधी आजोबांची नळी शोध. जुने खलाशी सीडीसीच्या पुस्तकाला, म्हणजे बोटीवरच्या नोकरीची नोंद ठेवणाऱ्या सरकारी दाखल्याला (कंटिन्युअस डिस्चार्ज सर्टिफिकेट), नळी म्हणायचे, हे तुझ्या कानावर असेलच. बोटीचं नाव, हुद्दा, कुठे नि कधी चढले, कधी उतरले, वर्तणुकीचा शेरा, सगळं त्यात असतं. एक लांब कागद घे. डावीकडे नळीतल्या तारखा लिही, उजवीकडे घरातल्या: बाबांना शाळेत घातलं ते वर्ष, आत्याचं लग्न, पणजी गेली तो दिवस, दरवर्षीचे गणपती. उजवी बाजू बाबांना बोलू दे, तू फक्त लिहून घे. मधेच आजोबांची बाजू घ्यायला जाऊ नकोस.

आता बाबांचं जन्मवर्ष बघ. जून १९६७ मध्ये सुएझ कालवा बंद झाला तो थेट जून १९७५ मध्ये उघडला. ती आठ वर्षं मुंबईहून युरोपला निघालेली बोट आख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून जायची. लंडनच्या एका खेपेला चार हजारांहून जास्त सागरी मैल वाढायचे. आजोबा त्या मार्गावर असतील, तर बाबांचं दुसरं ते दहावं वर्ष त्या वळशात गेलं. हे पुस्तिकेत जरूर येऊ दे. पण बाबांची समजूत घालायला ते वापरू नकोस. आरतीला वडील नाहीत म्हणून रुसलेल्या पोराला कालव्याशी काय देणंघेणं?

'मुलाचं राहिलं ते नातीवर उधळलं' असं लिहायचा मोह तुला होईल. वाक्य झकास आहे, म्हणूनच टाळ. तुझा हात धरून चालताना त्यांच्या मनात काय होतं ते तुला माहीत नाही, मलाही नाही. गाठी कोणत्या शिकवल्या, ते लिही.

आणि मनीऑर्डरीला एक सबंध पान दे. ती कोण सही करून घ्यायचं, पोस्टमनला चहा मिळायचा का, कौलं कधी बदलली, फी कशी भरली, हे आजी असतील तर त्यांना विचार. कोकणातली किती घरं त्या पैशांवर उभी राहिली! त्याची आठवण काढताना कुणी पोस्टमनच्या पुढे जातच नाही.

नळी लॅमिनेट मात्र करू नकोस, पुस्तक कायमचं बिघडतं. पानांचे फोटो काढ आणि मूळ पुस्तक सुती कापडात गुंडाळून ओलीपासून लांब ठेव.

बाबा काहीच बोलले नाहीत, तर फक्त तुझ्या वाट्याचे आजोबा लिही आणि तसं पहिल्याच पानावर सांगून टाक. छापण्याआधी आत्याला वाचायला दे. बाबांनी वाचल्यावर.