अँबॅसॅडरच्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाला भंगारातला कोणता डिस्ट्रिब्युटर चालेल?

तुम्ही लिहिलंय की मार्क ३ मध्ये दुसऱ्या गाडीचं १४८९ सीसी इंजिन टाकताय, त्यावर डिस्ट्रिब्युटर (सिलिंडरच्या प्लगना पाळीपाळीनं ठिणगी वाटणारा भाग) नाही आणि मिस्त्री म्हणतो, "चार सिलिंडरचा कोणताही लुकास कंपनीचा लावा, बसला म्हणजे झालं." नेमकं हेच मी १९९६ साली अंजनगाव सुर्जीला मामांच्या गॅरेजमध्ये ऐकलं होतं. म्हणून लिहितोय. तुमचा मिस्त्री चुकतोय.

आमचीही अँबॅसॅडरच. इंजिन बदललं, पण जुन्या डिस्ट्रिब्युटरचा बुश इतका झिजला होता की शाफ्ट हातानं हलायचा. सीबी पॉइंटचा, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्काचा, गॅप कॅमच्या दर उंचवट्याला (लोबला) वेगळा यायचा. मामांनी नागपूरहून भंगारातला एक आणला. तोही २५डी४ (लुकासचं मॉडेल), बाहेरून हुबेहूब. मी तेव्हा आयटीआयला होतो. बेसप्लेट काढून आतला कॅम पाहिला. त्याच्या बुडाशी आकडा कोरलेला असतो: वेग वाढल्यावर बाहेर सरकणारी आतली वजनं पूर्ण फाकली की डिस्ट्रिब्युटर किती अंश ॲडव्हान्स देतो, म्हणजे ठिणगी किती आधी पाडतो, तो. आमच्या जुन्यावर १२ होता, आणलेल्यावर १६. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, म्हणजे क्रँकला २४ च्या जागी ३२. आठ अंश जास्त.

मी म्हटलं, मामा, जुन्याचा कॅम आणि दोन्ही स्प्रिंगा या बॉडीत टाकू, तासाभराचं काम आहे. मामा म्हणाले, "अबे पोट्ट्या, तो आकडा कंपनीवाल्यायच्या हिशोबाचा हाय. इंजिनले काय वाचता येते काय?" दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना चिखलदऱ्याला न्यायचं होतं. बल्ब लावून टायमिंग (ठिणगीची वेळ) बांधलं, गाडी छान सुरू झाली, परतवाड्यापर्यंत काही तक्रार नाही. उभ्या इंजिनावर बांधलेलं टायमिंग बरोबरच होतं. गडबड वेग वाढल्यावर होते, आणि ती गॅरेजमध्ये दिसत नाही.

घाटात सहा माणसं, तिसरा गिअर, पाय दाबलेला. इंजिनातून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज: ठिणगी फार आधी पडून पेट्रोल अवेळी भडकण्याचा, म्हणजे नॉकिंगचा. मी मागून म्हणत होतो, मामा, नॉकिंग आहे, थांबा. थांबले नाहीत. वरच्या वळणांवर मागून निळा धूर सुटला. इंजिन खोललं तेव्हा तिसऱ्या पिस्टनच्या रिंगच्या खाचा मोडलेल्या आणि कडा खाल्लेल्या. वडिलांनी त्या वर्षीच्या संत्र्याच्या पैशातून ते काम करून घेतलं.

मामांचं म्हणणं, पेट्रोल भेसळीचं होतं. इंजिन पुन्हा बांधताना मी जुना कॅम आणि स्प्रिंगा टाकल्या. त्याच पंपाचं पेट्रोल, तोच घाट, तितकीच माणसं, आणि एकदाही आवाज आला नाही. मामांनी ते कधी कबूल केलं नाही, पण गाडी तशीच पुढे अनेक वर्षं धावली.

आता तुमचं. इंजिनाचा ड्राइव्ह आणि डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टच्या टोकाची जीभ जुळली पाहिजे. ही जीभ मध्यावर नसते, थोडी एका बाजूला असते, त्यामुळे ती एकाच रीतीनं बसते. ठोकून बसवू नका. या इंजिनाचा रोटर वरून पाहिल्यास घड्याळाच्या उलट फिरतो, सिलिंडर पेटण्याचा क्रम (फायरिंग) १-३-४-२. उलट दिशेचा डिस्ट्रिब्युटर आणलात तर वजनं उलटं काम करतील. २५डी४ ची कॅप आणि रोटर नंतरच्या ४५डी४ मॉडेलला चालत नाहीत, दुकानदार काहीही म्हणो. पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिमी. व्हॅक्यूम डब्यावर (इंजिनाच्या ओढीनं ठिणगीची वेळ पुढे सरकवणारा डबा) कोरलेले तीन आकडेही पाहा: किती पाऱ्याच्या इंचांना सुरुवात, किती इंचांना पूर्ण, आणि किती अंश. जुन्या डब्याचा डायफ्राम फाटला नसेल तर तोच लावा. तोंडानं ओढून पाहिलं की कळतं.

इलेक्ट्रॉनिक किट लावलं की हा प्रश्न सुटतो, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. किट फक्त पॉइंटची जागा घेतं. वजनं, स्प्रिंगा आणि कॅम तेच राहतात.

एक राहिलं. तुमचं इंजिन खूप घासलेलं आणि कॉम्प्रेशन उतरलेलं असेल तर चार-पाच अंश जास्त त्याला कदाचित खपेलही, आणि सपाट रस्त्यावर तर कळणारही नाही. आणि इंजिन १४८९ नसून नंतरचं १८०० सीसी इसुझू असेल तर वरचं काहीच लागू नाही, त्याला त्याचाच डिस्ट्रिब्युटर हवा.

तुमच्या जुन्या इंजिनाचा डिस्ट्रिब्युटर अजून घरात असेल तर तो भंगारात देऊ नका. त्याचा कॅम काढून पाहा आणि दोन्हींचे आकडे इथे लिहा.