विमान साडेपाच तासांचं, प्रवास चोवीस तासांचा

भाऊ, नोकरीसाठी चोपड्याहून सिंगापूरला निघतोयस आणि विचारतोस, मुंबईहून अंतर किती, विमान किती वेळ घेतं, आईला काय सांगू. मीही आपल्या जळगाव जिल्ह्यातला, पारोळ्याकडचा, बरीच वर्षं इथे सिंगापुरात आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मुंबई ते सिंगापूर हवाई अंतर साधारण ३,९०० किलोमीटर. थेट विमानाला साडेपाच तासांच्या आसपास लागतात, परतीला थोडा जास्त वेळ. उलट जळगाव ते मुंबई रेल्वेने सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास, पण त्यालाच सात-आठ तास जातात. म्हणून काळजी करायची ती घरापासून विमानतळापर्यंतच्या टप्प्याची.

समज, विमान रात्री साडेअकराचं आहे. तीन तास आधी विमानतळावर हवं. मग सकाळीच जळगाव सोडणारी गाडी धर, संध्याकाळची वाट पाहू नकोस. पावसाळ्यात कसारा घाटात गाडी अडकली की हातात काही राहत नाही, त्या दिवसांत तर आदल्या दिवशीच मुंबई गाठावी. सीएसएमटीपर्यंत जायची गरज नाही. सामान घेऊन ठाण्याला किंवा दादरला उतर, तिथून टॅक्सी कर.

साडेअकराला उडालेलं विमान इथे सकाळी साडेसातला उतरतं. इथलं घड्याळ अडीच तास पुढे आहे. सूर्य मात्र वर्षभर सातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे उतरशील तेव्हा सकाळ नुकतीच झालेली असेल. आईला एवढंच सांग, की तिने सातला दिवा लावला की तुझ्याकडे साडेनऊ वाजलेले असतील, जेवण उरकून तू फोनजवळ असशील. माझ्या मायला किलोमीटरशी काही देणंघेणं नव्हतं. तिचा प्रश्न एकच, "पोचना का रे?"

चेन्नई, कोलंबो किंवा क्वालालंपूरवरून तिकीट स्वस्त पडतं, पण मधल्या थांब्याने तास दुप्पट-तिप्पट होतात. पहिल्यांदा येताना, दोन मोठ्या बॅगा घेऊन, माझं मत थेट विमानालाच. दोन पैसे जास्त जाऊ दे.

आता सामानाचं, कारण आपल्याकडची मंडळी इथेच अडकतात. आई काळा मसाला देणारच, पण त्यात खसखस अजिबात नको. इथे अमली पदार्थांच्या कायद्याखाली खसखशीला बंदी आहे. मसाला कुटायच्या आधीच आईला सांग, कुटल्यावर ती वेगळी काढता येत नाही. तंबाखूची पुडी, गुटखा, च्युइंगगम हेही नाही. मित्राने दिलेली पिशवी असेल तर ती उघडून बघ. बिबड्या, कुरडया खुशाल आण, फक्त कडक डब्यात भर.

उतरण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन अरायव्हल कार्ड, म्हणजे इथे येत असल्याची माहिती देणारा फॉर्म, भरायचं. सरकारी साइटवर ते फुकट आहे, पैसे मागणाऱ्या साइटवर जाऊ नकोस. कंपनीने पाठवलेलं वर्क पासच्या, म्हणजे इथल्या कामाच्या परवान्याच्या, मंजुरीचं पत्र छापून हातातल्या बॅगेत ठेव.

आणि पहिल्या पगारापासून एकेरी तिकिटाचे पैसे बाजूला ठेव, त्यांना हात लावू नकोस. घरून तातडीचा फोन आला, तर विमानाची वेळ, मुंबईतला उशीर, मग रेल्वे, असं धरून चोपड्याला पोचायला पूर्ण दिवस लागतो. त्या वेळी पैशांची जुळवाजुळव करण्यात आणखी एक दिवस जाता कामा नये.