डब्यातलं पाणी कुठून येतं?
वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी यावल तालुक्यात शिक्षक आहे. धरणाच्या कामावर आलेल्या कुठल्याशा साहेबांची राहायची जुनी ट्रेलर-गाडी एका भंगारवाल्याकडे केळीच्या बागेशेजारी पडून होती. बारा फुटी आहे, बाहेरून अॅल्युमिनियमचा पत्रा, आत पातळ प्लाय. चाळीस हजारांत घेतली. मागच्या कोपऱ्यात छत गळतं आणि दाराजवळ पाय ठेवला की फरशी दबते. मी आणि सौ. दोघांनी आजवर घरात पाटसुद्धा बनवलेला नाही. रंगाचे डबे आणले आहेत, पडद्यांचं कापडही घेतलं आहे. दिवाळीत तोरणमाळला न्यायचा बेत आहे. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : सर, रंगाचे डबे उघडले नसतील तर दुकानदाराला परत करा. कापड राहू द्या, ते नासत नाही. दिवाळी कुठली ते तुम्ही लिहिलं नाही म्हणून बरं. आमच्या डब्याला दोन पावसाळे लागले. (अमळनेरात सगळे त्याला डबाच म्हणतात. ट्रेलर म्हटलं की लोकांना ट्रॅक्टरमागची ट्रॉली आठवते.) मी बँकेतून निवृत्त झालेली आणि माझा भाऊ तलाठी कार्यालयातून. पाट आम्हीही बनवला नव्हता.

आधी चांभाराचा टोच्या घ्या. फरशीच्या कडेनं, खिडक्यांच्या खाली, छताच्या चारही कोपऱ्यांत वीतभर अंतरानं टोचत चला. लाकूड चांगलं असेल तर टोक अडतं. कुजलेलं असेल तर भरताच्या वांग्यात सुरी जावी तसं आत जातं, आवाजसुद्धा होत नाही. जिथे गेलं तिथे खडूनं फुली मारा. आमच्या फुल्या मोजता मोजता भाऊ मट्कन खाली बसला आणि म्हणाला, "व माय, हाई काय व्हयनं!"

आता मुख्य गोष्ट. फुली आहे तिथे पाणी थांबलंय, शिरलंय दुसरीकडूनच. पत्रा आणि प्लायच्या मधल्या लाकडी पट्ट्यांवरून पाणी चालत जातं. आमच्या दाराखालची फरशी कुजली होती छतावरच्या हवेच्या झडपेमुळे, म्हणजे चांगलं सात फूट लांबून. म्हणून नळी लावून बघा. एकानं आत बॅटरी घेऊन बसायचं, दुसऱ्यानं बाहेरून पाणी मारायचं, तेही खालून वर. आधी चाकाच्या उंचीला दहा मिनिटं, मग खिडकीच्या खालच्या कडेला, मग वरच्या, सगळ्यात शेवटी छत. आधीच छतावर पाणी सोडलंत तर ते सगळ्या फटींवरून ओघळतं आणि कुठली फट दोषी ते कळत नाही. आत बसायला सौ.ना सांगू नका, तुम्ही बसा. पाणी मारणारा सुखात असतो.

गळती सापडली की उलगडायला घ्या. कडेच्या पट्ट्या, मग खिडक्या, मग पत्रा. वरचा पत्रा खालच्यावर कौलासारखा चढलेला असतो, तो कसा चढलाय त्याचे फोटो काढून ठेवा. स्क्रू वेगवेगळ्या डब्यांत, डब्यावर चिठ्ठी. आणि कुजलेली पट्टी कितीही घाण असली तरी टाकू नका. तिच्यावरूनच नवी कापायची असते. छताच्या कमानीची एक पट्टी माझ्या हातात आली तेव्हा तिचा निम्मा भाग भुसा होता. तो भुसा मी वर्तमानपत्रात गोळा केला, उरलेला तुकडा पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिल फिरवली. समोरच्या बाजूची कमान शाबूत होती, तिच्यावरून उरलेली रेघ पूर्ण केली. सुताराला तो पुठ्ठा दिला, तोंडी माप सांगितलं नाही.

आमची मोठी चूक इथेच झाली. उत्साहाच्या भरात मागच्या दोन्ही बाजूंच्या चौकटी एकदम काढल्या. डबा तिरका झाला. आम्हाला पत्ताच नाही, नवीन पट्ट्या ठोकून मोकळे झालो. दार बसवायला गेलो तर खालून लागतं आणि वरून बोट जाईल एवढी फट. कर्ण मोजले तर पाऊण इंचाचा फरक. तीन आठवड्यांचं काम पुन्हा उपसलं. तुम्ही एका वेळी एकच बाजू काढा, आत तिरप्या पट्ट्या ठोकून ठेवा आणि रोज संध्याकाळी दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले तरच जेवायला जा.

लाकडासाठी पाडलेल्या वाड्यांचा साग चांगला, पन्नास वर्षं वाळलेला असतो. पण तो जड असतो, म्हणून सगळीकडे वापरू नका. फरशीला प्लाय घेताना आयएस 710 चा शिक्का बघूनच घ्या, तो पाण्यात टिकणारा. साधा कमर्शियल प्लाय एका पावसाळ्यात पापडासारखा सुटतो. कापलेल्या कडांना बसवण्याआधी रंगाचे दोन हात द्या, पाणी कडेतूनच पितो तो.

फटी बुजवायला बहुतेकजण सिलिकॉन सुचवतील. ऐकू नका. त्यावर रंग धरत नाही, आणि पुढे गळलं तर जुनं खरवडून काढताना जीव जातो. ब्युटाइल टेप (रबरी चिकटपट्टी) घ्या, तो कायम चिकट आणि मऊ राहतो. आपल्याकडे मऊपणा फार महत्त्वाचा. बारा फुटी अॅल्युमिनियमचा पत्रा पन्नास अंशांच्या फरकानं चार मिलिमीटर लांबतो. पौषातली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत उन्हात तापलेल्या पत्र्याला एवढा फरक सहज पडतो. पहिल्या खेपेला आम्ही दोन गोळ्या मळून लावायची इपॉक्सी भरली होती, दगडासारखी घट्ट. अक्षय्य तृतीयेला सगळे सांधे तडकलेले. छत मात्र पांढरंच रंगवा, तुम्ही आणलेला रंग कुठलाही असो.

लोखंडी स्क्रू अॅल्युमिनियममध्ये पिळू नका. ओल लागली की लोखंडाशेजारचा पत्रा पांढरी भुकटी होऊन झिजतो, छिद्र मोठं होतं, स्क्रू हातानं निघतो. स्टेनलेसचे घ्या आणि सीलंटमध्ये, म्हणजे फटी बुजवायच्या मऊ लुकणात, बुडवून बसवा. पत्रा सांगाड्याच्या लोखंडाला टेकतो तिथे मध्ये रबराची पट्टी.

चाकं, स्प्रिंगा, बेअरिंग हे मात्र स्वतः करू नका. धुळ्याला मुंबई-आग्रा रस्त्यावर ट्रकची कामं करणारे आहेत, त्यांना दाखवा. टायरची नक्षी बघून भुलू नका, बाजूवर चार आकडे असतात ते वाचा. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. आमच्या टायरवर तीनच आकडे होते, म्हणजे 2000 च्या आधीचे. नक्षी नव्यासारखी, कारण डबा कुठे गेलाच नव्हता!

आत सामान ठेवताना जड वस्तू चाकांच्या आसपास. ओढणाऱ्या गाडीला जोडायच्या पुढच्या दांडीवर एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के भार यायला हवा. आठशे किलोचा डबा असेल तर ऐंशी. डबा जिनिंगच्या वजनकाट्यावर तोला, दांडी केळी मोजायच्या काट्यावर. आम्ही पाण्याची टाकी हौसेनं मागे बसवली आणि पारोळ्याच्या रस्त्यावर डबा जीपला हलवायला लागला, कुत्र्यानं शेपूट हलवायच्या ऐवजी शेपटीनं कुत्रा हलवावा तसा. आता टाकी चाकावर आहे.

गॅसची शेगडी ठेवणार असाल तर सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी भोकं पाडा. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो. वरच्या जाळीचा उपयोग नाही.

आणि हे खरं तर पहिल्यांदा लिहायला हवं होतं : कागद. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेही स्वतंत्र वाहन आहे, त्याला स्वतःची नोंदणी आणि नंबर लागतो. भंगारवाल्याची पावती पुरत नाही. पत्र्याला हात लावण्याआधी जळगावच्या आरटीओत चौकशी करा, सांगाड्यावर ठोकलेला नंबर शोधून घासून वाचता येतोय का बघा. नोंदणी होतच नसेल तर डबा बागेत उभा करून पाहुण्यांची खोली करता येईल. पण मग चाकांवर खर्च करू नका.

प्रश्न : आमच्याकडच्या जुन्या ट्रेलरच्या आतल्या प्लायवर मधासारखं पॉलिश आहे, जागोजागी काळं पडलंय. मशीननं घासून काढू का? (शिरपूर)

उत्तर : मशीन नको. वरचा थर कागदाएवढा पातळ असतो, एका फेऱ्यात आरपार जाल. कोमट पाणी, जरासा साबण, पिळलेलं फडकं. सुकल्यावर कोपऱ्यात कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून दाबा. पॉलिश चिकट झालं तर ते लाखेचं आहे, त्यावर नव्या लाखेचा हात बेमालूम मिसळतो. काळे डाग ओलीचे असतात, ते पुरते जात नाहीत. आमच्याकडे एका डागावर कॅलेंडर आहे.

प्रश्न : परदेशी फोटोंत दिसणाऱ्या आरशासारख्या चकचकीत ट्रेलरसारखा आमचा घासून करता येईल का? (जळगाव)

उत्तर : त्या एअरस्ट्रीम या अमेरिकन कंपनीच्या. त्यांचा क्लिपर नावाचा ट्रेलर 1936 सालचा, म्हणजे फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं त्याच वर्षीचा. त्यांची घडण विमानासारखी, रिव्हेट मारलेला पत्राच सगळा भार घेतो, म्हणून तो तेवढ्या तोलाचा. तुमच्या फोटोत लाकडी चौकटीवरचा पातळ, रंगवलेला पत्रा दिसतोय. तो चमकवायला घासत बसलात तर पोचे आधी चमकतील. आणि जळगावच्या उन्हात आरसा घेऊन रस्त्यावर निघालात तर समोरचा ट्रकवाला काय म्हणेल ते मी इथे छापू शकत नाही.