आईबाप ठणठणीत, मग पिल्लाचा खुबा कसा गेला?

भाऊ, तुमच्या आठ महिन्यांच्या लॅब्राडॉर पिल्लाचा एक्सरे बघून डॉक्टर हिप डिस्प्लेसिया (खुब्याच्या सांध्याचा आजार) म्हणाले आणि ब्रीडर म्हणतोय आईबाप ठणठणीत आहेत, तुम्हीच जिन्यावरनं पळवला असणार. त्याच्या बोलण्यात थोडं खरं आहे, पण हात झटकणंच जास्त आहे.

आमच्या शेफर्डचं पण हेच झालं. रंकाळ्यावर पळताना मागचे दोन्ही पाय एकदम उचलायचा, सशासारखा, आणि आम्ही येडे कौतुकानं व्हिडिओ काढत बसलेलो. खुब्याची वाटी उथळ, सांधा सैल, त्यात मांडीच्या हाडाचा गोळा नीट बसत नाही आणि घासून घासून पुढं संधिवात, एवढंच ते. पिल्लू जन्मतं तेव्हा खुबा बरा दिसतो, बिघाड वाढीच्या वयात होतो.

आता जेनेटिक्स. लॅबमध्येच ईआयसी म्हणून दुसरा आजार आहे, जास्त पळवलं की मागचे पाय लुळे पडतात. तो एका जीनचा, आई आणि बाप दोघांकडनं खराब कॉपी आली तरच होतो, डीएनए टेस्टवर सरळ कळतं. खुब्याचं तसं नाही, इथं कितीतरी जीन थोडं थोडं ओझं टाकतात आणि वरनं खाणं, वजन, गुळगुळीत टाइल्स. त्यामुळं आईबापाचे खुबे चांगले असूनही पिल्लात निघू शकतं. आणि “ठणठणीत” म्हणजे काय, चालताना लंगडत नाही एवढंच ना? एक्सरे काढलाय का विचारा. अमेरिकेतली ओएफए ही संस्था २४ महिन्यांच्या आत फायनल सर्टिफिकेट देत नाही, पेनहिप पद्धतीनं १६ आठवड्यांपासनं सांध्याचा सैलपणा मोजता येतो. केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) पेपर म्हणजे वंशावळ, खुब्याची गॅरंटी नव्हे.

आपल्याकडं म्हशीवाल्यांना हे कधीचं माहितेय. रेडा स्वतः दूध देत नाही, मग त्याच्या लेकींचं दूध बघतात की नाही? तसंच नर निवडताना त्याच्या एकट्याच्या एक्सरेवर जाऊ नका, भावंडं आणि आधीची पिल्लं बघा. म्हणूनच तुम्ही म्हणताय ना “एकदा तरी क्रॉस करू”, म्हणजे त्याची पिल्लं काढू, तो विचार सोडा राव, कितीबी देखणा असला तरी.

खाण्याचं मात्र तुमच्या हातात आहे. ४८ लॅब्राडॉरवर एक मोठा अभ्यास झालाय, पिल्लांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं, तर त्या कमी खाणाऱ्यांत खुब्याचा त्रास कमी निघाला आणि ती जवळपास पावणेदोन वर्षं जास्त जगली. तेव्हा वजन उतरवा, बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. कुणीतरी सांगितलेली ती कॅल्शियमची बाटली डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, मोठ्या जातीच्या पिल्लांना जादा कॅल्शियम उलटंच पडतं. फरशीवर जुनी सतरंजी टाका.

आणि ब्रीडरशी भांडण्यापेक्षा त्याच वेतातली बाकीची पिल्लं कुणाकडं गेली ते विचारून घ्या. दोघातिघांचे एक्सरे असेच निघाले की ती जोडी परत लावायची का नाही हे त्यालाच कळेल.