जायकवाडी धरण भरलं तरी टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटाच्या, शेतकऱ्याला पाणी का मिळत नाही?

नाशिक-नगरची धरणं पाणी अडवतात, हे अर्धंच उत्तर. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात समन्यायी, म्हणजे सगळ्यांना न्याय्य, वाटपाचं कलम आहे, सरकारने नेमलेल्या मेंढेगिरी अभ्यासगटाने जायकवाडी 65 टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडण्याचं कोष्टक दिलं, 2016 मध्ये उच्च न्यायालयानेही समन्यायी वाटप उचलून धरलं. पण तुम्ही विचारताय धरण भरल्यावरचं. तिथे नाशिकला दोष देऊन भागत नाही.

आमचं शेत परभणी जिल्ह्यात, डाव्या कालव्याच्या एका चारीच्या, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या लहान पाटाच्या, शेवटाला. पैठणपासून हा कालवा 208 किलोमीटर. त्या वर्षी धरण भरलेलं होतं. कालवा सल्लागार समितीत आवर्तनं, म्हणजे पाणी सोडायच्या पाळ्या, ठरली, वडिलांनी मागची पाणीपट्टी चुकती करून पाणी मागणीचा सात नंबरचा फॉर्म भरला. गहू पोटरीत आला आणि पाणी सुटलं. आमच्यापर्यंत पोचलं ते घोट्याएवढं, तेही पहाटे. दुपारी चारीचा तळ दिसायला लागला. मी चारीच्या कडेने वर चालत गेलो. जागोजागी फोडून पाईप टाकलेले, चारीच्या दारात गोणपाट कोंबून पाणी वळवलेलं, पुढे थेट कालव्यावर मोटारी. पाटकरी, म्हणजे पाणी सोडणारा सरकारी माणूस, म्हणाला, "एवढ्या चाऱ्या माझ्या एकट्याकडं, रात्रीचं कुणाकुणाला अडवू?" त्याचं खोटं नव्हतं. भरती बंद, माणसं निवृत्त होत चाललेली. गहू अर्धा गेला.

माझे मामा हेडला, म्हणजे सुरुवातीच्या टोकाला आहेत, ऊस लावतात. त्यांचं म्हणणं, पाणी आमच्या बांधावरून जातं, आधी आमचंच भिजणार. साफ चूक आहे हे. पाळी टेलपासून सुरू करून हेडला संपवायची असते, आणि जायकवाडीची आखणी मुख्यतः खरीप-रब्बीच्या आठमाही पिकांसाठी झाली, बारमाही उसासाठी नाही.

तुम्ही टेलला असाल तर शेतकऱ्यांनी मिळून पाणी वापर संस्था काढा आणि पाणी मोजूनच घ्या. नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीच्या वाघाड प्रकल्पावर ओझरच्या टेलच्या लोकांनीच सुरुवात केली, पुढे अख्ख्या प्रकल्पाचं पाणी शेतकरी वाटायला लागले. वाघाड लहान आहे, जायकवाडीवर तेवढं सोपं जाणार नाही, हेही खरं. आणि ऊसवाल्याला मी चोर म्हणत नाही. एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा ठरलेला किमान दर, उसाला आहे, तुरीच्या हमीभावाला खरेदी केंद्राची वाट बघावी लागते.

तरीही मामा, धरणात जमिनी बुडाल्या त्या पैठण-शेवगावकडच्या लोकांच्या, आपल्या दोघांच्याही नाहीत. मग बांधाचा हक्क कसला? ऊस ठिबकवर घ्या आणि चारीतला पाईप काढा.