बाबांना फिरायला नेऊ की नको?

प्रश्न : ताई, माझे सासरे 76 वर्षांचे आहेत. एसटीत ड्रायव्हर होते. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी डिमेन्शिया असल्याचं सांगितलं. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे त्यांना घेऊन गणपतीपुळ्याला गेलो. दर्शनाच्या रांगेत ते घाबरले, ‘घरी चला, घरी चला’ म्हणून ओरडायला लागले, माझ्या मुलाचा हात झटकला. सगळे लोक बघत होते. घरी आल्यावर तासाभरात आपण कुठं गेलो होतो हेही त्यांना आठवेना. आता नवरा म्हणतो, लक्षात राहत नाही तर न्यायचं कशाला? पण दिवसभर ते गॅलरीचा गज धरून रस्त्याकडे बघत उभे असतात, ते मला बघवत नाही.
— एक सून, रत्नागिरी

उत्तर : गज धरून उभे असतात, हे वाचलं आणि पत्र थोडा वेळ बाजूला ठेवलं. माझी आई अशीच पडवीतल्या खांबाला धरून उभी राहायची. तीस वर्षं मी नर्स म्हणून काढली, नंतर सात वर्षं आईला सांभाळलं, आणि त्यातली पहिली दोन वर्षं मी चुकतच होते. बाबांना न्या. जरूर न्या. फक्त सणासुदीच्या गर्दीत नको, आणि सगळ्यांनी मिळून नको.

तुमच्या मिस्टरांची शंका आधी घेते. नवीन घडलेलं साठवणारा मेंदूचा भाग या आजारात बहुधा सगळ्यात आधी झिजतो, म्हणून गेल्याचं आठवत नाही. पण त्या गोष्टीनं आलेलं सुख किंवा भीती तेवढ्या लवकर जात नाही. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात 2014 साली अल्झायमरच्या, म्हणजे डिमेन्शियाच्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या प्रकाराच्या, रुग्णांना आनंदाच्या आणि दुःखाच्या चित्रफिती दाखवून हेच तपासलं होतं. काय पाहिलं ते रुग्ण विसरले, मन मात्र त्यानंतरही बराच वेळ आनंदी किंवा खिन्न राहिलं. मला हे आईनं शिकवलं. आम्ही गुहागरचे. शेजारच्या पोफळीच्या वाडीत तिला न्यायचे, घरापासून दोनशे पावलांवर. पाटाच्या कडेनं ती हळूहळू चालायची आणि पडलेली पिकली सुपारी दिसली की वाकून उचलून ओच्यात टाकायची. एरवी चहाचा कप धरताना थरथरणारे हात, पण सुपारी उचलताना बोटं अचूक जायची. किडकी असली तर अंगठ्यानं दाबून बघायची आणि फेकून द्यायची. संध्याकाळी तीच सुपारी बघून विचारायची, “ही गो कोणी आणली?” वाडीत गेल्याचं पार विसरलेली. पण त्या रात्री ती पोटभर जेवायची, आणि कूस बदलत, हाका मारत रात्र काढायची नाही.

म्हणून कुठं न्यायचं हे ठरवताना प्रेक्षणीय स्थळांची यादी काढू नका. बाबांच्या हातापायांना काय येतं ते आठवा. वर्षानुवर्षं केलेलं काम शरीरात फार उशिरापर्यंत टिकतं. तुमचे बाबा तर एसटीचे! 75 वर्षांवरच्यांना आपल्याकडे एसटीचा प्रवास मोफत आहे, 2022 पासून. सकाळी शाळा-ऑफिसची गर्दी ओसरली की भाट्याकडे जाणाऱ्या गाडीत त्यांना बसवा. शक्य तितकं पुढं, ड्रायव्हर दिसेल असं. भाट्याच्या पुलावर गाडी आली की एका बाजूला काजळी नदीची खाडी, दुसरीकडे समुद्र. पलीकडे उतरा, सुरूच्या सावलीत पंधरा मिनिटं बसा, परत या. गिअर बदलल्याचा आवाज आला की ते काय करतात ते बघा, आणि मला कळवा. त्यांचा पाय नकळत क्लच दाबेल असं मला वाटतं. मधेच त्यांनी ‘डबल बेल झाली का?’ विचारलं तर ‘झाली, सोडा गाडी’ म्हणा. ‘अहो बाबा, तुम्ही आता रिटायर झालात’ हे सांगू नका. दर वेळी ती बातमी त्यांना नव्यानं कळते.

तसंच ‘आठवतंय का, इथं आपण आलो होतो?’ हा प्रश्न पूर्ण बंद. प्रेमानं विचारलेला असला तरी ती परीक्षाच असते, आणि ते दर वेळी नापास होतात. ‘वारा छान सुटलाय’ एवढं म्हटलं तरी बोलणं सुरू होतं.

‘घरी चला’ याचा अर्थ नेहमी घर असा नसतो. आई स्वतःच्या घरात बसून घरी जायचंय म्हणायची. कधी लघवीला लागलेली असायची, कधी दमलेली, कधी आवाजानं बावरलेली. दर्शनाच्या रांगेत बाबांना बहुधा तिन्ही झालं असेल. ‘हो, निघूया’ म्हणायचं, हात धरायचा आणि खरंच बाजूला न्यायचं. लोक बघतात तर बघू देत. फार वाटलं तर जवळच्या माणसाला हळूच सांगा, ‘बाबांना विसरण्याचा आजार आहे.’ निम्मे लोक लगेच पाण्याची बाटली पुढं करतात, हा माझा अनुभव आहे.

वेळ सकाळचीच ठेवा. दिवेलागणीच्या सुमारास या माणसांची घालमेल वाढते, तेव्हा घरात दिवे लावून बसलेलं बरं. समुद्रावर न्यायचं असेल तर ओहोटी साधा, कारण तेव्हाची ओलसर घट्ट वाळू पायाला आणि व्हीलचेअरलाही बरी. आपल्याकडच्या खलाशांचा हिशेब तुमच्या घरातही कोणाला माहीत असेल: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, म्हणजे ओहोटी नऊला. पक्ष कुठलाही असो, चतुर्थी ते षष्ठी हे तीन दिवस सकाळच्या फेरीसाठी उत्तम. चतुर्थीला देवळाच्या बाजूला मात्र फिरकू नका.

एक गोष्ट मला उशिरा कळली. आई वाळूत मधेच थिजून उभी राहायची, पुढं पाऊल टाकायची नाही. मला हट्ट वाटायचा. एकदा तिच्या बाजूला वाकून तिच्या नजरेनं बघितलं, तर ओल्या वाळूत आभाळाचं प्रतिबिंब पडलं होतं. तिला ते खोल पाणी वाटत होतं. देवळातली काळी लादी, दारातलं गडद पायपुसणं हेही तिला खड्डा वाटायचं. तेव्हापासून मी घट्ट पण न चमकणाऱ्या वाळूवरून न्यायला लागले. पायात मागं पट्टा असलेली सँडल, रबरी स्लीपर नाही.

फेरीबोटही आईला आवडायची. धोपाव्याहून दाभोळ आणि तसंच परत, गाडीतून उतरायचंसुद्धा नाही. पण पहिल्या वेळी बोटीची लोखंडी फळी धाडकन धक्क्यावर पडली आणि तिनं माझा पदर असा धरला की पिन तुटली. पुढच्या वेळी फळी पडायच्या आधीच मी तिचे दोन्ही हात हातात घेऊन बसले. जयगड–तवसाळ तुम्हाला जवळ पडेल.

आता माझी सगळ्यात मोठी चूक सांगते. शिमग्यात पालखी बघायला आईला नेलं आणि नारळ घ्यायला क्षणभर तिचा हात सोडला. चाळीस मिनिटं ती सापडली नाही. ढोलाच्या आवाजात हाकही ऐकू जात नव्हती. शेवटी सापडली ती लहानपणच्या मैत्रिणीच्या घराच्या पायरीवर. ती मैत्रीण जाऊन दहा वर्षं झाली होती. तेव्हापासून दोन माणसं असल्याशिवाय मी तिला बाहेर नेलं नाही. निघताना रोज मोबाईलवर तिचा फोटो काढायचा, म्हणजे आज कुठल्या रंगाची साडी नेसली आहे ते सांगता येतं. नाव आणि माझा नंबर लिहिलेली चिठ्ठी बटव्यात असायची. बाबांची खिशात ठेवा, आणि शर्टाच्या आत कापडावरही लिहून शिवा. कधी चुकामूक झालीच तर वाट न बघता 112 लावा.

लघवीला नेऊनच बाहेर पडा आणि पाणी सोबत ठेवा. या वयात तहान फारशी कळत नाही. आईला थोडं थोडं कोकम सरबत द्यायचे, डॉक्टरांचं पथ्य नसेल तर बाबांनाही चालेल.

प्रश्न : आई 81 वर्षांची, डिमेन्शिया मधल्या टप्प्यात. देवगडजवळच्या माहेरची सारखी आठवण काढते. मे महिन्यात आम्ही सगळे जाणार आहोत. तिला न्यावं का?
— एक मुलगा, ठाणे

उत्तर : न्या, पण मे महिन्यात नको. उकाडा, भरलेल्या गाड्या आणि घरभर चाकरमानी, यात त्या हरवून जातील. डिसेंबर-जानेवारीत दोघांनी न्या. रात्रीच्या गाडीपेक्षा दिवसाची मांडवी एक्सप्रेस घेऊन कणकवलीला उतरा. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आहे. तिथं अचानक अंधार होतो, आधीपासून त्यांचा हात धरून ठेवा.

घर नव्यानं बांधलं असेल तर ‘हे बघ तुझं माजघर’ असं दाखवू नका. त्यांच्या डोळ्यांपुढं जुनं घर आहे. विहीर, तुळस, फणसाचं झाड, जे काही जुनं उरलं असेल तिथं खुर्ची टाका आणि बसू द्या. तीन-चार दिवस पुरेत. आणि परतायची तारीख त्यांना आधी सांगू नका, रोज बॅग भरून दारात बसतील.