मध्यस्थी चालू असली तरी मुदत थांबत नाही

प्रश्न (थोडक्यात): इचलकरंजीत माझे सोळा यंत्रमाग आहेत. गावातल्याच एका व्यापाऱ्याला ऑगस्ट ते डिसेंबर 2022 मध्ये पाच बिलांनी ग्रे कापड दिले. अजून 8 लाख 40 हजार येणे आहे. तो नाही म्हणत नाही, "देतो" म्हणतो. आमच्या दोघांच्या ओळखीचे एक ज्येष्ठ व्यापारी, अण्णा, दोन वर्षे मध्यस्थी करत आहेत. 2023 च्या दिवाळीत त्यांच्या हातून 50 हजार रोख मिळाले. कोर्टात गेलो तर संबंध तुटतील. थांबावे की दावा करावा?

उत्तर: तुमचे पहिले बिल आणि त्याचे, म्हणजे माल पोहोचवल्याचे, चलन 4 ऑगस्ट 2022 चे आहे. आज 14 जुलै 2025. तुमच्या हातात एकवीस दिवस आहेत, आणि पत्रात मुदतीबद्दल एक अक्षर नाही.

विकलेल्या मालाच्या पैशांसाठी दाव्याची मुदत तीन वर्षे. उधारीचे दिवस ठरलेले नसतील तर ती माल पोहोचल्या दिवसापासून मोजतात, आणि प्रत्येक बिलाची वेगळी. चर्चा चालू होती म्हणून ती लांबत नाही. 2023 मध्ये बी अँड टी एजी विरुद्ध संरक्षण मंत्रालय या लवादाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा बजावले आहे. अण्णांचा हेतू कितीही चांगला असो, त्यांच्या बैठकांमुळे एक दिवसही वाढलेला नाही. अशी पत्रे मला सतत येतात. बहुतेकांत माणूस भला असतो, मध्यस्थही भला असतो, आणि मुदत मात्र उलटून गेलेली असते.

तुम्ही पाठवलेल्या बिलाच्या फोटोत, कागदाच्या घडीवर, सहीच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ आहे: "पेमेंट 30 दिवसांत, नंतर 18 टक्के व्याज." हा उधारीचा करार मानला गेला तर मुदत ते तीस दिवस संपल्यावर सुरू होते आणि पहिल्या बिलाला सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत वेळ मिळतो. पण ती ओळ तुम्ही एकट्याने छापलेली आहे. व्यापाऱ्याने ती मान्य केल्याचे दुसरे काही नसेल तर समोरचा वकील तिच्यावरच बोट ठेवेल. त्या महिन्याच्या भरवशावर राहू नका. 4 ऑगस्ट हीच शेवटची तारीख धरा.

आता ते 50 हजार. मला मनापासून वाईट वाटते ते इथे. मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने काही रक्कम भरली तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षे मिळतात, पण पैसे दिल्याची नोंद त्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीनिशी असावी लागते. हीच रक्कम त्याच्या चेकने घेतली असती तर आज ही धावपळ करावी लागली नसती. रोख घेतली, पावती नाही, वहीत नोंद तुमच्याच हातची. तिचा मुदतीसाठी उपयोग नाही.

शेवटच्या दिवशी थेट दावा लावू, असेही मनात आणू नका. तीन लाख आणि त्यावरच्या व्यापारी वादात, तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल तर, वाणिज्य न्यायालय कायद्याच्या कलम 12अ प्रमाणे आधी मध्यस्थीसाठी अर्ज करावाच लागतो. पाटील ऑटोमेशनच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही अट सक्तीची ठरवली. 20 ऑगस्ट 2022 पासून ती न पाळता आलेला दावा फेटाळला जातो. उगाच तातडी दाखवून पळवाट काढता येत नाही, हेही 2023 च्या यामिनी मनोहर प्रकरणात स्पष्ट झाले आहे.

आणि हीच सक्ती तुमच्या कामाची आहे. या मध्यस्थीत जो काळ जातो तो मुदतीतून वगळला जातो. अण्णांच्या बैठकीत आणि या मध्यस्थीत तुमच्यासाठी फरक आहे तो हाच. अर्ज कोल्हापूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा, शुल्क एक हजार. प्राधिकरण व्यापाऱ्याला नोटीस काढते. तो आला तर तीन महिन्यांत, दोघांच्या संमतीने आणखी दोन महिन्यांत, प्रक्रिया पूर्ण व्हायला हवी. तुमच्या रकमेला मध्यस्थाचे शुल्क पंधरा हजार, दोघांत निम्मे. तडजोड झाली तर तिला लवादाच्या निवाड्याइतके बळ असते, पैसे चुकवले तर थेट वसुलीला जाता येते. तो फिरकलाच नाही तर तसा अहवाल मिळतो आणि तुमचा दाव्याचा रस्ता मोकळा होतो. वगळलेला काळ नेमका कोणत्या तारखेपासून धरायचा यावर समोरचा भांडू शकतो, म्हणून 4 ऑगस्टची वाट न पाहता याच आठवड्यात अर्ज द्या.

एक सावधगिरी. प्राधिकरणाच्या मध्यस्थीत व्यापारी "हो, देणे आहे" म्हणाला तरी ते कोर्टात वापरता येत नाही, तिथले बोलणे गोपनीय असते. म्हणून कबुली बाहेरच घ्या, आणि त्यासाठी अण्णांना कामाला लावा. त्यांचा शब्द तो मोडत नाही ना? मग तुमच्या सीएकडून पाचही बिलांचा खातेउतारा काढा, खाली "वरील बाकी मला मान्य आहे" असे लिहा आणि तारखेसह त्याची सही घ्या. ही सही 4 ऑगस्टच्या आत झाली तर पाचही बिलांना सहीच्या तारखेपासून नवी तीन वर्षे मिळतात. मुदत उलटल्यावर नुसती कबुली चालत नाही, तेव्हा पैसे देण्याचे लेखी, सहीचे वचनच लागते, आणि ते मिळवणे फार अवघड. व्हॉट्सॲपवरच्या "देतो" या मेसेजवर विसंबू नका. कोर्ट तो कसा वाचेल हे आज सांगता येणार नाही.

सही मिळाली तरी प्राधिकरणाचा अर्ज थांबवू नका. संबंध तुटायची भीती असेल तर त्याला सरळ सांगा की हा दावा नाही, बोलणीच आहेत, फक्त आता कागदावर होतील.

तुमची उद्यम नोंदणी माल देण्याआधीची असेल तर सूक्ष्म व लघु उद्योगांच्या सुविधा परिषदेचाही मार्ग असू शकतो, तिथे व्याजही जास्त मिळते. नोंदणीची तारीख तुम्ही लिहिलेली नाही, त्यामुळे त्यावर आज मत देत नाही.

भावासोबत शेडच्या वाटणीचे विचारले आहे, त्यावर कागद पाहिल्याशिवाय फार बोलणार नाही. अण्णांनी पाचशेच्या स्टँपवर वाटणी लिहून सह्या घ्यायचे ठरवले असेल तर तूर्त थांबवा. त्या कागदानेच वाटणी होणार असेल तर तो नोंदणीकृत करावा लागतो.

उद्या सकाळी पाचही चलने तारखेप्रमाणे लावा. माल पोहोचल्याची सही कोणत्या चलनावर नाही ते पाहा. फोटोत तिसऱ्या चलनावर मला ती दिसली नाही.